मेहरौलीतली रिकामी जागा

आमच्या आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या तोंडून अण्णांचं नाव मी फक्त उखाण्यात ऐकलं होतं. तेही सतरा वर्षांत चार-पाच वेळा. दवाखान्यात काउंटरवर पेशंटचं नाव विचारलं की त्या माझ्याकडे बघायच्या आणि मी सांगायचे. रेशनकार्डाच्या रांगेतही तेच. कोरेगाव तालुक्यातल्या त्यांच्या पिढीच्या बायकांची ही रीत, आणि मुलाबरोबर नोएडाला राहायला आल्या तरी ती काही सुटली नाही. आम्ही हसायचो. अण्णाही हसायचे.

हे आधी सांगितलं, कारण त्याशिवाय आमची ती रविवारची सहल कुणाला नीट कळायची नाही.

सुरुवात झाली तालकटोरा स्टेडियममध्ये. २०२५च्या फेब्रुवारीत, २१ ते २३ तारखेला, दिल्लीत ९८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. त्याआधी दिल्लीत संमेलन झालं होतं ते १९५४ साली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली. म्हणजे सात दशकांनी योग आला. दिल्लीतल्या मराठी माणसाला हे काय असतं ते दिल्लीतल्याच मराठी माणसाला कळेल. मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर मागून कुणीतरी "अगं, पर्स सांभाळ" म्हणतं आणि आपण मागे वळून अनोळखी बाईकडे बघून हसतो, तसे ते तीन दिवस गेले. मी पुस्तकं घेतली, लेकीनं सेल्फी काढले. आईंना मात्र एकाच गोष्टीचं अप्रूप होतं. अध्यक्ष तारा भवाळकर या लोकसाहित्याच्या अभ्यासक, बायकांच्या ओव्यांवर त्यांनी आयुष्यभर काम केलं. "म्हणजे आमच्या जात्यावरच्या ओव्यांना एवढा मोठा हार?" असं आई दोनदा म्हणाल्या.

परतताना गाडीत बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "या तुमच्या दिल्लीवर एवढी संकटं आली म्हणतात. लुटली, जाळली, माणसं मारली. मग इथल्या लोकांनी काय म्हटलं?"

"म्हटलं म्हणजे?"

"म्हणजे ओव्या म्हणा, अभंग म्हणा. काहीतरी म्हटलंच असेल की."

मराठीत आपण कविता म्हणतो, गाणं म्हणतो, ओवी म्हणतो. वाचणं वेगळं आणि म्हणणं वेगळं. प्रश्न साधा होता, पण मला उत्तर येईना. सतरा वर्षं या शहरात राहून मी लाल किल्ला पाहुण्यांना दाखवला होता, सरोजिनी नगरला शंभर वेळा गेले होते. संकटात दिल्ली काय म्हणाली, हे कधी बघितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी, २ मार्चला, आम्ही तिघी निघालो. आई, मी आणि आमची चौदा वर्षांची लेक. नवरा म्हणाला, "कवितेसाठी रविवार घालवायचा? जा बाई." त्याचं आणि कवितेचं एक भांडण आहे, ते पुढे येईल.

नोएडाहून निळ्या लाईननं राजीव चौक, तिथं बदलून पिवळ्या लाईननं चावडी बाजार. हे स्टेशन जमिनीत इतकं खोल आहे की सरकत्या जिन्यानं वर येताना आईंनी रेलिंग सोडलं नाही. बाहेर आलो तर बाजार शांत. एक तर जुन्या दिल्लीत रविवारी बरीच दुकानं बंद असतात, त्यात त्या दिवशी रमजानचा पहिला रोजा होता. खाण्याच्या गाड्यांवर कापड टाकलेलं, फक्त खजुराचे ढीग संध्याकाळसाठी मांडून ठेवलेले. "आज यांची एकादशी दिसते," आई म्हणाल्या. एरवी माणसांच्या धक्क्यांनी चालता येत नाही अशा लाल कुआँच्या रस्त्यावरून आम्ही निवांत चालत गली कासिम जानमध्ये शिरलो. तुम्हाला जायचं असेल तर रविवारच निवडा. सोमवारी हवेली बंद असते.

ही हवेली मिर्झा गालिबची. म्हणजे त्यांनी शेवटची काही वर्षं भाड्यानं राहून काढली ती. मोठा वाडा डोळ्यांपुढे आणून जाल तर निराश व्हाल. मूळ वास्तूचा थोडाच भाग उरलाय; मधल्या काळात इथं कारखानाही चालला होता, सरकारनं ताब्यात घेऊन दुरुस्ती केली ती पंचवीसेक वर्षांपूर्वी. कमान, बारीक लाखोरी विटांची भिंत, दोन खोल्यांएवढी जागा. आत गालिबचा अर्धपुतळा आहे. तो घडवलाय सोलापूरच्या भगवान रामपुऱ्यांनी आणि भेट दिलाय गुलजारांनी. हे कळल्यावर आईंनी पुतळ्याच्या पायाशी हात लावून नमस्कारच केला. गालिबला की सोलापूरला, ते मी विचारलं नाही.

लेकीनं मोबाईलवर वाचायला सुरुवात केली. जन्म २७ डिसेंबर १७९७, आग्रा. मृत्यू १५ फेब्रुवारी १८६९, दिल्ली. आईंनी तिला थांबवलं. "मुलंबाळं?"

"सात झाली, आजी. एकही जगलं नाही. सगळी तान्हेपणीच गेली. मग बायकोच्या बहिणीच्या मुलाला मुलासारखं मानलं, आरिफ त्याचं नाव. तोही १८५२ मध्ये गेला. त्याची दोन मुलं मग यांनीच सांभाळली."

आई तिथल्या कट्ट्यावर बसल्या. मीही बसले, आणि जे मी आठवडाभर वाचून ठेवलं होतं ते त्यांना सांगितलं.

१८५७च्या सप्टेंबरात इंग्रजांनी दिल्ली परत घेतली. शहरातली बरीचशी वस्ती हाकलून दिली गेली, पुष्कळ लोक मारले गेले. गालिब तेव्हा इथंच, बल्लीमारान भागात राहत होते. या गल्लीत पतियाळाच्या महाराजांच्या पदरचे हकीम राहायचे आणि महाराज इंग्रजांच्या बाजूचे. त्यामुळे महाराजांचे शिपाई गल्लीच्या तोंडाशी पहाऱ्याला उभे राहिले आणि गल्ली वाचली. आत असलेले लोक मात्र अडकून पडले. पेन्शन बंद झालेली. गालिबनी घरातले कपडे, पांघरुणं विकून दिवस काढले.

त्यांचा धाकटा भाऊ मिर्झा युसूफ थोड्याच अंतरावर राहत होता. तरुणपणापासून त्याचं मन ठिकाणावर नव्हतं. ऑक्टोबर महिन्यात तो गेला. गालिबनी तापानं गेला असं लिहून ठेवलंय. गोऱ्या शिपायांच्या गोळीनं गेला असंही सांगणारे आहेत. बाजार बंद. कफनाचं कापड मिळेना, अंघोळ घालणारा मिळेना, कबर खणणारा मिळेना. शेवटी शेजारी पुढे झाले. पतियाळाचा एक शिपाई आणि घरातले दोन नोकर घेतले, गालिबच्या घरातल्या पांढऱ्या चादरींत गुंडाळून जवळच्या मशिदीच्या आवारात त्याला पुरून आले.

आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एवढंच म्हणाल्या, "घरची चादर तरी मिळाली त्याला."

मला कळलं त्या कुठं आहेत ते.

एप्रिल २०२१. त्या महिन्यात दिल्लीत जे होते त्यांना वेगळं सांगायला नको. अण्णांचा ऑक्सिजन उतरायला लागला तेव्हा नवरा दोन रात्री सिलिंडरसाठी फिरत होता. तिसऱ्या दिवशी गाझियाबादेत एका ठिकाणी बेड मिळाला, चौथ्या दिवशी अण्णा गेले. आई स्वतः पॉझिटिव्ह, मागच्या खोलीत दार लावून. अण्णांसाठी ठेवणीतलं कोरं धोतर आणि उपरणं त्यांनी दाराच्या फटीतून बाहेर सरकवलं. ते काही अंगावर घालता आलं नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला देह, टोकनचा नंबर, अंगभर किट घातलेली तीन अनोळखी माणसं आणि नवरा. धोतर तसंच परत आलं. अस्थी खरं तर कृष्णेत, संगम माहुलीला जायच्या होत्या. पण सगळं बंद होतं, गढमुक्तेश्वरला गंगेत सोडून नवरा परत आला. आईंनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. गेली चार वर्षं तो विषय घरात तसाच पडून होता.

अण्णा गेल्याचं आईंना मीच सांगितलं, बंद दाराबाहेर बसून. आतून काहीच आवाज आला नाही. रडणंही नाही. अर्ध्या तासानं मात्र गुणगुण ऐकू यायला लागली. एकाच चालीची, खालच्या आवाजातली, मधे श्वास घेऊन पुन्हा सुरू होणारी. मला वाटलं हरिपाठ असेल. ती गुणगुण रात्रभर चालली. मी बाहेर फरशीवर बसूनच होते. खरं सांगते, त्या आवाजाच्या आधारानं मला पहाटे जरा डोळा लागला.

आता नवऱ्याचं भांडण. त्या दिवसांत व्हॉट्सअॅपवर कवितांचा पूर आला होता. हेही दिवस जातील, सूर्य पुन्हा उगवेल, धीर धरा, वगैरे. त्यानं फोन आपटून विचारलं होतं, "यातल्या एका तरी ओळीनं ऑक्सिजन मिळतो का?" त्याचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. मीही त्या कविता न वाचता पुसून टाकत होते. घरात आग लागलेली असताना दारात कुणी अभिनंदनाचं कार्ड घेऊन उभं राहावं तसं वाटायचं. पण मग बंद दाराआड आईंना काय लागलं होतं? ते हे नक्कीच नव्हतं.

हवेलीतून बाहेर पडताना लेकीनं विचारलं, "मग गालिबनी या सगळ्यावर कविता लिहिल्या असतील ना खूप?" गंमत अशी की फारशा नाहीत. सत्तावन्ननंतर त्यांच्या हातून गझल थोडीच उतरली. पत्रं मात्र भरपूर लिहिली, आणि ती उर्दू गद्याचा ठेवा मानली जातात. त्या काळाचा वृत्तांत म्हणून त्यांनी 'दस्तंबू' हे फारसी पुस्तक लिहिलं, १८५८ मध्ये छापलं. ते इंग्रजांच्या नजरेखालून जाणार हे त्यांना ठाऊक होतं, पेन्शनही हवी होती. त्यामुळे लिहिताना हात आखडलेला आहे. भावाचा मृत्यू त्यात आहे, तो तापानं. पण त्याच सुमारास एका आप्ताला लिहिलेल्या पत्रात मधेच त्यांनी थोड्या ओळी पद्यात लिहिल्या, आणि त्यात चांदणी चौकाचं काय झालं, दिल्लीच्या मातीनं काय प्यायलं, हे काहीही न झाकता सांगून टाकलं. एकच माणूस, एकच काळ. छापील गद्यात जे सांगता आलं नाही ते चार ओळींत सांगता आलं.

मी हे सांगत होते आणि आई मान हलवत होत्या. जणू काही त्यांना हे आधीपासून माहीत होतं.

उर्दूत तर या प्रकाराला नावच आहे, शहर-आशोब. उजाड झालेल्या शहराचं दुःख मांडणारी कविता. १८६३ मध्ये, म्हणजे दिल्ली पुरती सावरलेलीही नव्हती तेव्हा, अशा कवितांचा एक संग्रह निघाला, 'फुगान-ए-देहली'. दिल्लीचा आक्रोश. अनेक कवींनी एकाच शहरासाठी रडून घेतलेलं पुस्तक. आईंना हा भाग पटला. "आमच्याकडं कुणाच्या घरी दुःख झालं की शेजारच्या बायका येऊन बसायच्या, तसं," म्हणाल्या.

पुन्हा चावडी बाजार, पुन्हा पिवळी लाईन. या लाईनवर बसून राहिलं की कुठंही न बदलता तुम्ही गालिबच्या गल्लीपासून कुतुबमिनारपर्यंत जाता. पाऊण तासाच्या आत. रविवार असून बसायला जागा मिळाली. आई खिडकीच्या काचेतल्या काळोखाकडे बघत होत्या. मला तुकोबा आठवत होते. १६३०च्या सुमाराला दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला, त्यात त्यांची पहिली बायको गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. सुस्थितीतल्या वाण्याचा अभंग म्हणणारा तुका झाला तो त्यानंतर. खानदेशातल्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. ऐन उमेदीत वैधव्य आलं आणि मग शेतात, जात्यावर त्या गाणी रचत राहिल्या. मुलानं लिहून ठेवली म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली ती छापून आली. आणि ज्यांच्या घरी लिहून ठेवणारं कुणी नव्हतं त्यांचं? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. म्हणजे म्हणणाऱ्या बायका होत्याच. ऐकणारं कुणी नव्हतं, एवढंच.

कुतुबमिनार स्टेशनवरून ऑटो केली. ऑटोवाला मिनाराकडेच न्यायला निघाला होता, त्याला मेहरौली गावात वळवलं. रस्त्यात एक सावर पूर्ण फुललेली, पान एक नाही, नुसती लाल फुलं. "आपल्या रानातली सावर इथं कुठं आली?" आई म्हणाल्या. दिल्लीत मार्चमध्ये सावरी फुलतात, पण गाडीच्या काचेतून कोण बघतं!

मेहरौलीच्या गल्लीत फुलांच्या टोपल्या, अत्तराचा वास, आणि शेवटी ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकींचा दर्गा. बायकांना अगदी कबरीजवळ जाता येत नाही, जाळीतून दर्शन घ्यायचं. ख्वाजासाहेब गेले ते १२३५ साली. आणि कसे गेले, तर एका मैफलीत फारसी कवितेच्या दोन ओळी ऐकून त्यांचं भान हरपलं. तेच ऐकत राहिले, दिवसामागून दिवस, आणि त्यातच प्राण सोडला, असं सूफी परंपरा सांगते. लेकीनं डोळे मोठे केले. "कविता ऐकून माणूस मरतो?" आई म्हणाल्या, "ते जाणारच होते. जाताना सोबत मिळाली."

इथं आणखी एक पाहुणा येऊन गेलाय. फाळणीच्या दंग्यांत या दर्ग्याची मोडतोड झाली होती, आसपासच्या मुसलमानांना पळून जावं लागलं होतं. जानेवारी १९४८मध्ये गांधीजींनी दिल्लीत उपोषण केलं, तेव्हा उपोषण सोडण्याच्या अटींमध्ये एक अट ही होती की मेहरौलीचा उरूस नेहमीसारखा भरू द्यावा. उरूस भरला. २७ जानेवारीला गांधीजी स्वतः इथं आले. तीनच दिवसांनी त्यांची हत्या झाली. हेच गांधीजी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात तुकोबांचे अभंग इंग्रजीत उतरवत बसले होते, हे मी सांगितलं तर आईंना ते अण्णांना सांगायची घाई झाल्यासारखं वाटलं. तोंडावर आलं आणि थांबल्या. चार वर्षांनीही असं होतं.

दर्ग्याच्या पश्चिमेला लागूनच जफर महाल आहे. मुघलांनी बांधलेला हा शेवटचा महाल म्हणतात. भव्य दरवाजा बहादूरशाह जफरनं १८४७-४८ च्या सुमारास बांधून घेतला. आत छत पडलेलं, भिंतींतून झाडं आलेली, अंगणात पोरं क्रिकेट खेळत होती. पहिल्या रोजाचा दिवस असून दमत नव्हती. वास्तूची अवस्था बघून वाईट वाटतं. शेजारी कुतुबमिनाराची एवढी बडदास्त, आणि इथं पाटी वाचायलाही कुणी येत नाही. पण खरं सांगायचं तर अशी ओसाड जागाच बरी वाटली. तिकिटाची रांग असती तर आई तिथं बसल्याच नसत्या.

महालाला लागून मोती मशीद, आणि तिच्याजवळ एका छोट्या संगमरवरी आवारात काही बादशाहांच्या कबरी. पहिला बहादूरशाह, दुसरा शाह आलम, दुसरा अकबर शाह. आणि त्यांच्या सोबतीला एक जागा मोकळी. ही जागा जफरनं स्वतःसाठी राखून ठेवली होती.

जफर या शेवटच्या बादशाहाचं खरं राज्य लाल किल्ल्याच्या भिंतींपुरतंच होतं. पण तो कवी होता. आधी जौक आणि नंतर गालिब, हे त्याचे कवितेतले गुरू. सत्तावन्नच्या पराभवानंतर त्याच्यावर त्याच्याच किल्ल्यात खटला चालवला, ऑक्टोबर १८५८मध्ये त्याला दिल्लीबाहेर काढलं आणि रंगूनला नेऊन ठेवलं. तिथं त्याला कागद, शाई, लेखणी द्यायची नाही असा हुकूम होता. ऐंशी पार केलेल्या, दात पडलेल्या म्हाताऱ्याच्या हातात लेखणी येऊ नये म्हणून साम्राज्यानं हुकूम काढला! ७ नोव्हेंबर १८६२ला तो तिथंच गेला. त्याच दिवशी पुरून वर माती सारखी करून टाकली, खूण राहू नये म्हणून. ती कबर सापडली १९९१ साली, खोदकाम करताना.

परक्या मातीत पुरलं जाण्याची खंत सांगणारी एक गझल त्याच्या नावावर घरोघरी म्हटली जाते. तुमच्याही कानावर नक्की पडली असेल. ती त्याचीच का, याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. मला विचाराल तर वाद असू द्या. लेखणी काढून घेतलेल्या माणसाच्या वतीनं लोकांनी ती म्हटली, आणि दीडशे वर्षं म्हणत राहिले.

आईंचं लक्ष मात्र दुसऱ्याच कबरीकडे होतं. "हा शाह आलम म्हणजे आपल्या महादजींचा का?"

तोच. कण्हेरखेडचे शिंदे म्हणजे कोरेगाव तालुक्याची घरची गोष्ट. आईंचं माहेर तिथून फार लांब नाही. महादजी शिंद्यांना ताठ मानेनं 'पाटीलबाबा' म्हणणारी ती मंडळी. १७८४ साली महादजींच्या हाती दिल्लीच्या बादशाहीचा कारभार आला. १७८८मध्ये ते दूर असताना गुलाम कादिर नावाच्या रोहिल्यानं लाल किल्ला घेतला, लपवलेला खजिना सापडेना म्हणून बादशाहाचे हाल केले आणि १० ऑगस्टला त्याचे डोळे काढले. शाह आलमही कवी होता, 'आफताब' या नावानं लिहायचा. आफताब म्हणजे सूर्य. डोळे गेल्यावर त्यानं रचलेलं म्हणून एक फारसी शोकगीत सांगतात, आणि त्या दुःखात तो ज्यांची वाट बघतो त्यात आपल्या मुलासारखा मानलेला महादजी आहे. ऑक्टोबरमध्ये महादजींची फौज दिल्लीत आली. आंधळा बादशाह पुन्हा गादीवर बसला. महादजीही काही नुसते तलवारबहाद्दर नव्हते. कृष्णभक्त होते, पदं रचायचे.

"आणि पुढं?" आईंनी विचारलं.

पुढे शाह आलम १८०६पर्यंत जगला. १७९७ मध्ये त्याच्या रचना एकत्र केल्या गेल्या, 'नादिरात-ए-शाही' या नावानं. त्यात काय आहे? होळीची गाणी, लग्नाची गाणी, सणावाराची गाणी. रंग दिसत नसताना त्यानं होळी म्हटली.

आई मोकळ्या जागेच्या कडेला बसल्या. ऊन उतरत होतं. दर्ग्याच्या बाजूला इफ्तारसाठी चटया अंथरल्याचे, ताटल्या मांडल्याचे आवाज येत होते. खूप वेळानं त्या म्हणाल्या, "म्हणजे यांची जागा इथं आणि माणूस तिकडं."

"हो."

"आपल्यासारखंच."

मी विचारलं. चार वर्षं विचारलं नव्हतं ते विचारलं. "आई, त्या रात्री आत तुम्ही काय म्हणत होता? हरिपाठ?"

"हरिपाठ कुठला! ओव्या म्हणत होते. माझ्या आईच्या तोंडच्या. भाऊ, माहेर, आषाढी, पेरणी, सगळ्या. दुःखाच्या फार नव्हत्याच. त्या संपल्यावर मग नव्या जोडल्या." जरा थांबून त्या म्हणाल्या, "त्यांचं नाव घालून."

मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"असं नाव घेता येत नाही," त्या समजावून सांगावं तशा म्हणाल्या. "मोठ्यानं रडावं तर आत मी एकटी आणि बाहेर तू ऐकणार. ओवीत नाव घेतलेलं चालतं. उखाण्यात चालतं ना, तसं. पन्नास वर्षांत घेतलं नव्हतं एवढ्या वेळा घेतलं त्या रात्री. मोजत होते मी. साठाच्या वर झाल्या."

पोरांचा चेंडू आमच्यापर्यंत आला. लेकीनं परत फेकला. मग आजीजवळ येऊन बसली आणि मोबाईल काढून म्हणाली, "आजी, मला म्हणून दाखव. मी रेकॉर्ड करते." मला वाटलं आई नाही म्हणतील. पण त्यांनी पदर सारखा केला, घसा खाकरला आणि सुरू केलं. तीच चाल. मी चार वर्षांनी ऐकत होते आणि या वेळी मधे दार नव्हतं. दर्ग्यातून अजान झाली तेव्हा थांबल्या, संपल्यावर जिथं सोडलं होतं तिथून पुढे सुरू केलं. जवळ बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं तोपर्यंत रोजा सोडला होता. तिनं न बोलता आमच्यापुढे तीन खजूर ठेवले.

घरी येऊन लेकीनं ते रेकॉर्डिंग बाबाला ऐकवलं. अकरा मिनिटांचं आहे. तो सोफ्यावर बसून पूर्ण ऐकत राहिला, एक शब्द बोलला नाही. मधे तीन-चार ठिकाणी आवाज एकदम दबतो, घसघस होते आणि परत ओवी सुरू होते. त्याला वाटलं मोबाईल खराब आहे.

"नाही बाबा," लेक म्हणाली. "तिथं आजोबांचं नाव आहे. आजीनं माईकवर हात ठेवला होता."